पिठ्या ढेकणाचा वैरी

१९७३ च्या सुमारास झाईरची राजधानी किन्शासा आणि काँगो नदीपलीकडचे ब्राझाव्हिल या दोन्ही शहरांभोवतीच्या शेतांत कसाव्याच्या शेंड्यांवर एक पांढरी कीड दिसू लागली. अंगावर मेणचट भुकटी, आकार जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. आपल्याकडे द्राक्षाच्या, सीताफळाच्या बागायतदाराला जिचे नाव काढले तरी घाम फुटतो, त्या पिठ्या ढेकणाचीच ही एक जात. शेंड्यातला रस ती शोषते आणि शोषताना झाडाच्या अंगात असे काही सोडते की वाढच थांबते. पेरी आखूड होतात, पाने आक्रसून त्यांचा झुपका होतो, मग पाने गळतात आणि उघडी काठी उभी राहते. कोरडा हंगाम लांबला तर पीक गेलेच म्हणायचे.

या जातीत नर नसतो. एकटी मादी चारशे-पाचशे अंडी घालते आणि त्यातून पुन्हा माद्याच निघतात. वाऱ्यावर उडत, कपड्यांना चिकटत आणि मुख्य म्हणजे शेतकऱ्यांच्या हातून ती पसरली. कसाव्याची लागवड आपल्या उसासारखी बेण्याने होते. खोडाचे तुकडे गावोगाव दिले-घेतले जातात, पाहुण्याबरोबर, बसच्या टपावरून. प्रत्येक मोळीबरोबर कीडही प्रवासाला निघाली. दशक संपता संपता ती पश्चिमेला सेनेगलपासून नायजेरियापर्यंत पोचली होती, आणि पुढच्या काही वर्षांत झांबिया, मलावी, टांझानियातही.

कसावा हा तिथल्या माणसाचा किती मोठा आधार आहे हे समजल्याशिवाय या बातमीचे गांभीर्य कळत नाही. मूळचे हे झाड दक्षिण अमेरिकेचे. गुलामांच्या व्यापाराच्या काळात पोर्तुगीजांनी ते आफ्रिकेत नेले. निकस जमीन चालते, पाऊस हुकला तरी तग धरते, आणि कंद काढायची घाई नसते. वर्ष-दीड वर्ष तो जमिनीतच राहू शकतो. म्हणजे शेत हेच कोठार. दुष्काळात, युद्धात, घरातला कर्ता माणूस शहरात गेलेला असताना बायका हवा तेवढा कंद उपटतात आणि पोरांना खाऊ घालतात. सत्तरच्या दशकात सुमारे वीस कोटी आफ्रिकी माणसांचे पोट या कंदावर होते. कडू जातींच्या कंदात सायनाइडचा अंश असतो, म्हणून तो कुठे नदीकाठी पाण्यात भिजत घालतात, तर नायजेरिया-घानात किसून, गोणत्यात भरून, वर दगड ठेवून पाणी निथळू देतात, आंबवतात आणि मग पसरट कढईत परतून त्याची ‘गारी’ करतात. कोरडी गारी महिनोन् महिने टिकते. काँगोच्या खोऱ्यात पानांचीही भाजी होते आणि कित्येक घरांत प्रथिने म्हणून जे काही पोटात जाते ते त्या भाजीतूनच. पिठ्या ढेकणाने पहिला घाला घातला तो या पानांवर. पाठोपाठ कंद बारीक राहिले आणि शेवटी पुढच्या हंगामाला लावायला निरोगी बेणेही उरेना. नुकसान ऐंशी टक्क्यांवर गेल्याच्या नोंदी आहेत.

नेमक्या याच काळात, १९७४ च्या नोव्हेंबरात, रोममध्ये जागतिक अन्न परिषद भरली होती. दहा वर्षांत जगातले एकही मूल उपाशी झोपणार नाही, असा संकल्प तिथे सोडला गेला. संकल्पाचे काय झाले ते आपण जाणतोच. पण त्या परिषदेतून एक कामाची गोष्ट निघाली. गरीब शेतकऱ्यांसाठी पैसा उभा करणारा आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी, म्हणजे ‘आयफाड’, १९७७ मध्ये स्थापन झाला. त्याचा पैसा पुढे या कथेत येणार आहे.

कीड आली की फवारणी, हा त्या काळचा सरधोपट मार्ग. इथे तो चालण्यासारखा नव्हता. अर्ध्या-पाऊण एकराचे तुकडे, रस्ता नाही, पंप नाही, पैसा तर नाहीच. शिवाय जी पाने आज फवारायची तीच उद्या शिजवायची. आणि कीड बसते आक्रसलेल्या पानांच्या झुपक्यात, अंगावर मेणाचा थर घेऊन, त्यामुळे औषध तिच्यापर्यंत धड पोचतही नाही. दुसरा मार्ग कीड-प्रतिकारक वाण काढण्याचा. तो खरा, पण त्याला वर्षे लागतात, आणि लक्षावधी तुकड्यांपर्यंत नवे बेणे पोचवायचे कुणी?

तिसऱ्या मार्गाचा विचार करणारे थोडे होते. त्यांचा युक्तिवाद साधा होता. कसावा जिथला आहे तिथेच ही कीडही असणार. बहुधा कुणीतरी आणलेल्या बेण्यावरून ती आफ्रिकेत आली. पण दक्षिण अमेरिकेत ती कसावा फस्त करत नाही, म्हणजे तिथे तिला खाणारे कुणीतरी आहे. समुद्र ओलांडताना कीड आली आणि तिचा वैरी मागे राहिला. त्याला शोधा आणि आणा. ही कल्पना नवी नव्हती. १८८८ मध्ये आल्बर्ट कबेले यांनी ऑस्ट्रेलियातून नेलेल्या एका ढालकिड्याने कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा वाचवल्या होत्या. मात्र डीडीटी आल्यानंतरच्या तीन दशकांत ही विद्या अडगळीत पडली होती.

नायजेरियातल्या इबादान शहरात आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्था आहे, ‘आयआयटीए’. फोर्ड आणि रॉकफेलर प्रतिष्ठानांच्या मदतीने ती १९६७ मध्ये स्थापन झाली. १९७९ मध्ये तिथे एक तरुण स्विस कीटकशास्त्रज्ञ रुजू झाला, हान्स रुडोल्फ हेरेन. शेतावर वाढलेले, झुरिचमध्ये पीएचडी केलेले आणि त्यानंतर बर्कलेला जैविक कीडनियंत्रण शिकून आलेले हेरेन तेव्हा बत्तिशीच्या आत-बाहेर होते. एका किड्यासाठी अख्खा दक्षिण अमेरिका खंड धुंडाळायचा, असा त्यांचा बेत होता.

शोध सोपा असेल असे वाटण्याचे कारण नव्हते. किडीचे वर्णनच मुळी १९७७ मध्ये झाले. पॅरिसच्या दानिएल मातिल-फेरेरो यांनी आफ्रिकेतल्या नमुन्यांवरून तिला ‘फेनाकोकस मानिहोटी’ हे नाव दिले. मायदेशात तिला कुणी पाहिलेच नव्हते. आणि का पाहावे? वैऱ्यांनी ती इतकी दाबून ठेवलेली की कुणा शेतकऱ्याची तक्रार नाही, कुणा संशोधकाच्या टिपणवहीत नोंद नाही. जिथे कीड नाहीशी वाटते तिथेच शोधायचे, असा हा उलटा मामला.

कसावा आणि त्याचे रानटी भाऊबंद जिथे जिथे उगवतात तिथे शोध सुरू झाला. मेक्सिको, मध्य अमेरिका, मग दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग. तिथे कसाव्यावर पिठ्या ढेकूण सापडला आणि सगळ्यांना आनंद झाला. त्याच्यावर जगणारे परोपजीवी कीटक जमवून तपासले, तर आफ्रिकेतल्या ढेकणाला ते तोंड लावीनात. कारण लंडनच्या वर्गीकरणतज्ज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले: ही जातच वेगळी. हिच्यात नर असतात. १९८१ मध्ये जेनिफर कॉक्स आणि डी. जे. विल्यम्स यांनी या दुसऱ्या जातीला नाव दिले ‘फेनाकोकस हेरेनी’. शोधायला निघालेल्या माणसाच्या नावाने चुकीची कीड शास्त्रात अजरामर झाली! गंमत बाजूला ठेवली तरी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. संग्रहालयात किड्यांचे केस आणि ग्रंथी मोजत बसणाऱ्या माणसांना निधी देताना सरकारे नेहमी कुरकुर करतात. तसे दोघे तिथे नसते, तर निरुपयोगी कीटक आफ्रिकेत सोडून ही मोहीम बदनाम झाली असती.

तोडगा दुसऱ्याच दिशेने आला. कोलंबियातल्या काली शहराजवळ आयआयटीएची भावंड संस्था आहे, ‘सियात’. तिथले कीटकशास्त्रज्ञ अँथनी बेलोटी १९८१ मध्ये पॅराग्वेत गेले होते. पॅराग्वेत कसावा म्हणजे रोजच्या जेवणातला जिन्नस, आपल्याकडच्या भाकरीच्या मानाचा. तिथल्या एका शेतात शेंड्यांवर त्यांना तुरळक पिठ्या ढेकूण दिसले. नमुने लंडनला गेले आणि उत्तर आले: हीच ती. पॅराग्वे नदीचे खोरे आणि त्याला लागून असलेले बोलिव्हिया व ब्राझीलचे पट्टे, एवढेच तिचे घर निघाले.

मग राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेचे एम. यासीन यांनी पॅराग्वेत त्या ढेकणांवर जगणारे कीटक गोळा केले. त्यांत गांधीलमाशीच्या कुळातली, मोहरीच्या दाण्याएवढी एक काळी माशी होती. तिचे नाव शास्त्राला ठाऊक होते. अर्जेंटिनाचे लुईस दे सान्तिस यांनी १९६४ मध्येच तिचे वर्णन केले होते. ‘लोपेझी’ या नावाने ती सतरा वर्षे कागदावर पडून होती. तिच्यावर कोट्यवधींचे जेवण अवलंबून राहणार आहे, हे कळायला काही मार्गच नव्हता.

परका जीव नव्या देशात सोडणे हा पोरखेळ नव्हे. उसातल्या हुमणीसारख्या किडीवर उपाय म्हणून १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियाने भलेमोठे विषारी बेडूक आणले आणि ते दुखणे तो देश अजून सोसतो आहे. फरक असा की बेडूक तोंडात मावेल ते खातो, आणि ही माशी विशिष्ट पिठ्या ढेकणांवाचून वाढूच शकत नाही. तरीही पॅराग्वेतून आलेल्या माश्या आधी इंग्लंडमध्ये विलग ठेवल्या गेल्या. तिथे कसाव्याचे पीक नाही, म्हणजे काही निसटले तरी धोका नाही. त्यांच्या अंगावर जगणारा दुसरा परोपजीवी चोरपावलांनी येत नाही ना, हे पाहण्यासाठी काही पिढ्या वाढवल्या. आफ्रिकेतल्या देशांच्या वनस्पती-संरक्षण परिषदेची परवानगी घेतली. मगच माश्या इबादानला पोचल्या, आणि १९८१ च्या अखेरीस पहिल्यांदा तिथल्या शेतात सोडल्या गेल्या.

ही माशी काम कसे करते ते जवळून पाहण्यासारखे आहे. मादी शेंड्यावर उतरते आणि स्पर्शिकांनी पानाचा पृष्ठभाग बडवत चालते. ढेकूण सापडला की त्यालाही तसेच बडवून त्याचा आकार जोखते. मग वळते आणि शेपटाकडची सुई त्याच्या अंगात खुपसून अंडे घालते. ढेकूण मोठा असेल तर त्यातून बहुधा मादी निघते, लहान असेल तर नर. फारच लहान पिल्लू असेल तर अंडे न घालता त्याला भोसकून बाहेर आलेला रस ती चाटते. पिल्लू मरते, तिचे पोट भरते. घातलेल्या अंड्यातली अळी ढेकणाला आतून खात जाते. ढेकूण फुगतो, तपकिरी होतो आणि त्याची ममी बनते. थोड्याच दिवसांत ममीला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. हिचा खरा गुण मात्र वेगळाच. शेतात ढेकूण अगदी थोडे उरले तरी ती त्यांना हुडकून काढते. त्यामुळे कीड पुन्हा डोके वर काढू लागली की माशी तिथे असतेच.

इबादानमध्ये माश्यांची पैदास सुरू झाली. आधी कसावा वाढवायचा, त्यावर ढेकूण पोसायचे, त्यांच्यावर माश्या. म्हणजे ज्या किडीने खंड उपाशी ठेवला तिचीच निगुतीने शेती करायची. पहिल्या सुटकेनंतर दोन-तीन वर्षांतच नैर्ऋत्य नायजेरियात ढेकणांची संख्या कोसळली आणि माशी आपण होऊन शेकडो किलोमीटर पसरली. मग मागण्या येऊ लागल्या. जीप जाईल तिथे जीपने, आणि जिथे रस्ताच नाही तिथे छोट्या विमानातून खास बनवलेल्या यंत्राने माश्यांच्या नळ्या सोडल्या गेल्या. आफ्रिकेच्या आकाशातून तोवर विषाचे फवारे, बॉम्ब आणि धान्याची पोती पडलेली लोकांनी पाहिली होती. माश्या पडण्याची ही पहिलीच खेप असावी. पैसा आयफाडने दिला, स्वित्झर्लंड-जर्मनी-ऑस्ट्रियासारख्या सरकारांनी दिला. देशोदेशीचे तंत्रज्ञ इबादानला शिकून गेले आणि आपापल्या देशात पैदास व पाहणी करू लागले. १९८८ मध्ये या कामाचे केंद्र बेनिनमधल्या कोटोनूजवळ हलले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत माशी पंचवीसहून जास्त देशांत स्थिरावली होती.

माश्या सोडून मोकळे व्हायचे आणि यशाचा डांगोरा पिटायचा, असे इथे झाले नाही. १९८३ मध्ये आलेले दुसरे स्विस, पेटर नॉयेनश्वांडर यांनी पुढची वर्षे मोजमापात घालवली. ढेकूण माशीमुळेच कमी झाले की पावसाने, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. एका प्रयोगात त्यांनी मुद्दाम कीटकनाशक मारून माश्या नाहीशा केल्या. ढेकूण मेणाच्या आड बचावले, माश्या मेल्या, आणि फवारलेल्या शेतात कीड न फवारलेल्या शेतापेक्षा कित्येक पट वाढली. फवारणीवरचे याहून बोलके भाष्य मला माहीत नाही. घाना आणि आयव्हरी कोस्टमधल्या पाहणीत गवताळ पट्ट्यातल्या शेतांत माशीमुळे हेक्टरी सुमारे अडीच टन कंद वाचल्याचे दिसले.

याच पाहण्यांतून एक अडचणीची गोष्टही पुढे आली. शंभरातल्या पंचाण्णवहून जास्त शेतांत कीड आटोक्यात होती, पण उरलेल्या थोड्यांत माशी असूनही ढेकूण माजलेले. ही शेते रेताड, निकस, वर पालापाचोळ्याचे आच्छादन नसलेली. तिथे कसाव्याचे झाड खुरटते, ढेकूण आकाराने लहान राहतात, आणि लहान ढेकणांतून माशीचे नरच जास्त निघतात. मादीच नाही तर अंडी घालणार कोण? जमिनीला आच्छादन आणि खत मिळाले की झाड सुधारते, ढेकूण मोठे होतात, माद्या वाढतात आणि तोल सावरतो. म्हणजे माशी एकटी पुरत नाही, माती धड असावी लागते. शाश्वत शेती म्हणून आज जे भाषणांतून ऐकू येते त्याचा हा शेतातला पुरावा आहे, आणि तो त्या शब्दाला प्रतिष्ठा येण्याआधीचा आहे.

१९८८ मध्ये अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड नॉरगार्ड यांनी हिशेब मांडला. मोहिमेवर खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरमागे फायदा १४९ डॉलर. पुढच्या अभ्यासांनी आकडा आणखी वर नेला. १९९५ मध्ये हेरेन यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. दोन कोटी जीव वाचले असे तेव्हापासून सांगितले जाते. असला आकडा मोजण्याचे कुठलेही यंत्र नाही, त्यामुळे मी तो जपूनच वाचतो. कसाव्याच्या भुकेल्याला दुसरे काही मिळालेच नसते हे कुणी सांगावे? पण तो निम्मा केला, चौथाई केला तरी काम लहान होत नाही.

तरीही हेरेन हे नाव आपल्याकडे किती जणांनी ऐकले आहे? नॉर्मन बोरलॉग शाळेच्या पुस्तकात आहेत आणि असायलाच हवेत. हरितक्रांतीत मात्र बियाणे होते, खत होते, औषध होते. विकायला आणि जाहिरातीला पुष्कळ काही होते. इथे विकण्यासारखे काहीच नाही. माशी एकदा सोडली की ती कुणाची राहत नाही, दरवर्षी विकत घ्यावी लागत नाही. शेतकऱ्याने दमडी मोजली नाही, आणि बहुतेकांना तर कळलेही नाही की आपला कसावा कशामुळे पुन्हा सरळ वाढू लागला. ज्यात कुणालाच नफा नाही त्याचा गाजावाजा कोण करणार? आणि म्हणूनच असले काम सार्वजनिक पैशानेच होऊ शकते. कंपनीला ते परवडत नाही आणि एकट्या गरीब देशाला पेलत नाही. पॅराग्वेतला किडा, कोलंबियातला शोधक, लंडनचे वर्गीकरणतज्ज्ञ, नायजेरियातली पैदास, रोमचा निधी. यातली एक कडी निखळली असती तरी माळ तुटली असती.

हे दर वेळी असे जमतेच असेही नाही. कसाव्यावरच दक्षिण अमेरिकेतून आलेला हिरवा कोळी १९७१ मध्ये युगांडात दिसला. त्याचा वैरी शोधायला वीसहून जास्त वर्षे गेली. आधी आणलेले भक्षक कोळी आफ्रिकेत टिकेनात. शेवटी ब्राझीलहून आणलेला, दिवसा शेंड्यात दडून राहणारा आणि रात्री पानांवर शिकारीला निघणारा एक कोळी १९९३ मध्ये बेनिनमध्ये सोडला, तो रुजला.

इतके सगळे होईपर्यंत आशिया सुरक्षित होता. २००८ मध्ये हाच पिठ्या ढेकूण थायलंडमध्ये उगवला. कसाव्याचा स्टार्च निर्यात करण्यात हा देश जगात अव्वल. या वेळी मात्र खंड धुंडाळावा लागला नाही. २००९ मध्ये बेनिनहून माशी आली, थायलंडने ती वाढवली आणि पुढच्याच वर्षापासून शेतांत सोडली. तिथून ती २०१४ मध्ये इंडोनेशियाला गेली.

आणि मग ही कीड आपल्या दारात आली. महाराष्ट्रात उपासाची खिचडी आणि वडे ज्या साबुदाण्याचे होतात तो कसाव्याच्या कंदातल्या स्टार्चपासून बनतो, मुख्यतः तमिळनाडूच्या सेलम-नामक्कल भागातल्या कारखान्यांत. २०२० मध्ये केरळातल्या त्रिशूरला या किडीची भारतातली पहिली नोंद झाली आणि लवकरच ती तमिळनाडूच्या कसाव्यावर तुटून पडली. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने २०२१ मध्ये बेनिनमधल्या त्याच केंद्राकडून माशी मागवली, विलग ठेवून तपासली, वाढवली. मार्च २०२२ मध्ये सेलम जिल्ह्यातल्या येथापूरच्या संशोधन केंद्रावर ती पहिल्यांदा सोडण्यात आली. माशी सोडल्यावर शेतकऱ्याने पाळायचे पथ्य एकच असते: त्या शेतात कीटकनाशक मारायचे नाही.